व्हेलोसिरॅप्टर: पडद्यावरचा आणि हाडांवरून कळणारा

प्रश्न असा आहे: १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’पासून पडद्यावर दिसत आलेला व्हेलोसिरॅप्टर हा डायनोसॉर माणसाच्या उंचीचा आहे, त्याची कातडी खवलेदार आहे, तो टोळीने शिकार करतो, पायाच्या नखाने पोट फाडतो आणि दाराचा दांडा खाली दाबून आत येतो. यातलं खरं किती आणि रचलेलं किती?

आधी थोडक्यात सांगतो. प्राणी खरा आहे. पायाचं वाकडं नखही खरं. आडवं तोललेलं शरीर आणि पक्ष्यांशी असलेलं नातं, दोन्ही खरं. उंची, कातडी, हातांची ठेवण, नखाचा वापर आणि वेग मात्र चुकीचे आहेत. टोळी आणि बुद्धी यांच्या बाबतीत पुरावा इतका तोकडा आहे की चित्रपटातल्यासारखं ठाम विधान कोणीच करू शकत नाही. आता सविस्तर पाहू. पाहताना प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कोणत्या हाडावरून कळलं? डायनोसॉरबद्दल काहीही वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. निम्मे गैरसमज तिथेच गळून पडतात.

नाव एकाचं, अंगकाठी दुसऱ्याची

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम १९२३ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात बायनझाग इथल्या लालसर कड्यांपाशी काम करत होती. ऑगस्ट महिन्यात पीटर कायसेन यांना तिथे एक दबलेली पण जवळजवळ पूर्ण कवटी आणि तिच्यासोबत एक वाकडं नख मिळालं. हेन्री फेअरफिल्ड ऑस्बर्न यांनी १९२४ मध्ये त्यावरून ‘व्हेलोसिरॅप्टर मंगोलिएन्सिस’ ही नवी जाती जाहीर केली. ते नख हाताचं असावं, असं ऑस्बर्न यांना वाटलं होतं. पायाच्या बोटाला असलं नख असू शकतं हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते कळलं चाळीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्या खंडात. १९६४ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जॉन ऑस्ट्रॉम यांच्या चमूला डायनोनिकस हा शिकारी डायनोसॉर सापडला. ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि डायनोसॉर म्हणजे सुस्त, थंड रक्ताचे प्राणी ही तोवरची समजूत पार ढिली झाली. पायाच्या दुसऱ्या बोटावरचं कोयत्यासारखं नख, ताठ शेपटी, चपळ बांधा हे सगळं या प्राण्यात एकत्र दिसलं. डायनोनिकस साधारण ३.४ मीटर लांब, खुब्यापाशी ८७ सेंटीमीटर उंच आणि ६० ते १०० किलो वजनाचा होता.

गोंधळाची सुरुवात १९८८ मध्ये झाली. ग्रेगरी पॉल यांनी शिकारी डायनोसॉरवरच्या आपल्या पुस्तकात डायनोनिकसला व्हेलोसिरॅप्टरच्याच गणात घातलं. इतर अभ्यासकांनी हे वर्गीकरण स्वीकारलं नाही, पण १९९० च्या मायकेल क्रायटन यांच्या ‘ज्युरासिक पार्क’ कादंबरीत ते उतरलं आणि तिथून पडद्यावर आलं. म्हणजे चित्रपटातला प्राणी मुळात डायनोनिकस आहे, फक्त त्याला नाव मंगोलियातल्या लहान भावंडाचं मिळालं. याचा पुरावा चित्रपटातच आहे. सुरुवातीचं उत्खनन मोंटानात दाखवलंय. व्हेलोसिरॅप्टरचे जीवाश्म मंगोलिया आणि चीनचा इनर मंगोलिया प्रांत सोडून कुठेही मिळालेले नाहीत. मोंटानाच्या खडकांत मिळतो तो डायनोनिकस.

बरं, चित्रपटातला प्राणी डायनोनिकसपेक्षाही मोठा केलेला आहे. तो उभ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो. एवढा मोठा ड्रोमिओसॉर, म्हणजे याच कुळातला प्राणी, खरोखर होऊन गेला. त्याचं नाव युटारॅप्टर. त्याची लांबी ५ मीटरच्या वर जाते. पण त्याचं महत्त्वाचं नख सापडलं १९९१ मध्ये आणि शास्त्रीय वर्णन आलं १९९३ मध्ये, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी. त्यामुळे ‘पडद्यावर युटारॅप्टरच आहे’ हे समर्थन मागाहून जोडलेलं आहे. प्राण्याचा आकार तोवर ठरून गेला होता.

खऱ्या व्हेलोसिरॅप्टरची मापं अशी: नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड ते दोन मीटर, खुब्याची उंची सुमारे ५० सेंटीमीटर, वजन १५ ते २० किलो, कवटी जास्तीत जास्त २५ सेंटीमीटर. या लांबीत निम्म्याहून अधिक शेपटीच आहे. तो तुमच्या शेजारी उभा राहिला तर त्याची पाठ गुडघ्याच्या जरा वर येईल. कवटी अरुंद आणि लांबट, नाकाडाची वरची बाजू किंचित खोलगट आणि टोक वर उचललेलं. पडद्यावरचं डोकं याउलट उंच आणि जाडजूड आहे. ते डायनोनिकसच्या त्या काळी चुकीच्या जुळवलेल्या कवटीवरून आलंय.

वजन कमी म्हणून तो निरुपद्रवी होता असा अर्थ मात्र काढू नका. आजचा कॅसोवरी हा न उडणारा पक्षी पायाच्या आतल्या बोटावरच्या, दहा-बारा सेंटीमीटरच्या सरळ नखाने माणसाला जिवे मारू शकतो आणि त्याने मारल्याच्या नोंदीही आहेत. पण चार जण मिळून दबा धरून मोठ्या माणसाला आडवं करतील, हा आकार त्या कामाचा नाही.

पिसं: सहा गाठींची गोष्ट

‘व्हेलोसिरॅप्टरला पिसं होती’ हे वाक्य आता सगळीकडे वाचायला मिळतं. ते कशावरून ठरलं हे मात्र फार कमी ठिकाणी सांगितलं जातं, आणि खरी मौज तिथेच आहे. व्हेलोसिरॅप्टरचं एकही पीस कोणाला सापडलेलं नाही.

कारण साधं आहे. पिसांचा ठसा उमटायला गाळ अतिशय बारीक लागतो. चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या जुन्या सरोवरांच्या तळाशी ज्वालामुखीची राख मिसळलेला असा गाळ होता. म्हणून १९९६ मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा पिसांसारखं आवरण असलेला डायनोसॉर तिथे मिळाला आणि पुढे पिसं असलेल्या डायनोसॉरांची रांगच लागली. व्हेलोसिरॅप्टर मिळतो तो वाळूच्या टेकड्यांपासून बनलेल्या खडकात. तिथे सांगाडा फार सुंदर टिकतो, पण वाळूचा कण जाड असल्यामुळे पिसाचा ठसा उमटत नाही. तेव्हा ‘गोबीत ठसे मिळाले नाहीत, म्हणजे पिसं नव्हती’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

पुरावा मिळाला तो हाडावर. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यातल्या मागच्या, जाड हाडाला अल्ना म्हणतात. अनेक आधुनिक पक्ष्यांत पंखाच्या मोठ्या पिसांची मुळं अस्थिबंधांनी या हाडाला घट्ट बांधलेली असतात आणि जिथे ती बांधलेली असतात तिथे हाडावर ओळीने बारीक गाठी उठतात. १९९८ मध्ये मंगोलियातच उखा तोल्गोद इथे मिळालेल्या एका व्हेलोसिरॅप्टरची अल्ना अ‍ॅलन टर्नर, पीटर मॅकोविकी आणि मार्क नोरेल यांनी भिंगाखाली तपासली. हाडाच्या मधल्या तिसऱ्या भागात, मागच्या कडेला, सहा बुटक्या गाठी एका ओळीत होत्या. दोन गाठींमधलं अंतर सुमारे ४ मिलिमीटर आणि ते जवळपास सारखं. हाडावरचे खडबडीत उंचवटे स्नायूंमुळेही येतात, आजारामुळेही येतात, पण ते असे मोजून ठेवल्यासारखे समान अंतरावर नसतात. हेच अंतर अल्नाच्या लांबीवर पुढे-मागे मोजत नेलं की एका हाताला सुमारे १४ मोठी पिसं बसतात. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. गाठी असणं हा पिसांचा पक्का पुरावा आहे, पण गाठी नसणं हा पिसं नसल्याचा पुरावा नाही. आजच्या कित्येक उडणाऱ्या पक्ष्यांच्या अल्नावरही त्या दिसत नाहीत. दुसरं म्हणजे, गाठी सांगतात फक्त बाहूंवरच्या मोठ्या पिसांबद्दल. बाकी अंगावर काय होतं ते जवळच्या नातलगांवरून ठरवावं लागतं. सुदैवाने तसा नातलग आहे. २०१५ मध्ये वर्णन झालेला लिआओनिंगचा झेनयुआनलाँग आकाराने जवळपास व्हेलोसिरॅप्टरएवढाच आहे, आणि त्याच्या आखूड बाहूंवर खऱ्या पंखासारखी, मधला दांडा असलेली पिसं थरावर थर दिसतात. शेपटीवरही लांब पिसं आहेत. त्यामुळे व्हेलोसिरॅप्टर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिसांनी झाकलेला होता असं म्हणणं ही कल्पनेची भरारी ठरत नाही. तो उडत मात्र नव्हता. एवढ्या वजनाला ते बाहू फारच आखूड आहेत. पिसांचा उपयोग काय असावा? अंडी झाकायला, जोडीदारापुढे मिरवायला, वळताना किंवा झटापटीत तोल सांभाळायला. यातला कुठला एक नक्की, हे अल्ना सांगत नाही.

१९९३ च्या चित्रकर्त्यांना याबद्दल दोष देता येत नाही, कारण पिसांचे ठसे तीन वर्षांनी मिळाले. नंतरच्या चित्रपटांबद्दल तसं म्हणता येत नाही. २००१ च्या भागात नरांच्या डोक्यावर थोडे काटेरी तुरे आले, एवढंच. खरी पिसं असलेला ड्रोमिओसॉर या मालिकेत दिसला तो थेट २०२२ मध्ये, आणि तोही व्हेलोसिरॅप्टर नव्हता, पायरोरॅप्टर होता.

हात आणि दार

पडद्यावरचे रॅप्टर हात पुढे करून तळवे जमिनीकडे झुकवतात. हे शरीरशास्त्राला धरून नाही. आपण तळवा खाली-वर फिरवतो तेव्हा हातातली दोन हाडं एकमेकांवरून आडवी फिरतात. या प्राण्यांत त्या हाडांची टोकं तशी फिरूच शकत नाहीत. शिवाय मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचं एक हाड आहे. त्यामुळे हात कडेला, बाहूच्या दिशेने दुमडतो, पक्षी पंख मिटतो अगदी तसा. म्हणून तळवे कायम एकमेकांसमोर, टाळी वाजवायच्या तयारीत असल्यासारखे. व्हेलोसिरॅप्टरला पक्ष्यांसारखं जोडलेलं गळपट्टीचं हाडही होतं, हे १९९७ मध्ये दाखवून देण्यात आलं.

आता दाराकडे या. दांडा वरून दाबायचा तर तळवा खाली हवा. ते शक्य नाही. हाताच्या कडेने किंवा नाकाडाने दांडा दाबला जाणं शक्य आहे, पण मग ५० सेंटीमीटर उंचीच्या खुब्यावर तोललेल्या प्राण्याला आधी त्या दांड्यापर्यंत पोहोचावं लागेल.

नख कशासाठी होतं

यात सर्वांत जास्त घोटाळे आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

चित्रपटात सांगितलं जातं की हे नख सहा इंची आहे, वस्तऱ्यासारखं धारदार आहे, मधल्या बोटावर आहे आणि आत ओढून घेता येतं. चारही गोष्टी चुकल्या आहेत. व्हेलोसिरॅप्टरच्या नखाचं हाड बाहेरच्या वळणावरून मोजलं तर साधारण साडेसहा सेंटीमीटर भरतं. जिवंतपणी त्यावर शिंगासारखं कठीण आवरण होतं, म्हणजे लांबी आणखी थोडी वाढते, तरी पंधरा सेंटीमीटर होत नाही. नख मधल्या बोटावर नाही, दुसऱ्या बोटावर आहे, म्हणजे पुढच्या तीन बोटांपैकी सगळ्यात आतल्या. प्राणी तिसऱ्या आणि चौथ्या बोटावर चालायचा आणि दुसरं बोट वर उचललेलं असायचं. मांजराची नखं जशी आवरणात जातात तसं हे आत जात नव्हतं. बोटाचे सांधेच असे होते की अख्खं बोट वर आणि मागे वाकायचं. ही बाब दगडात कोरलेली आहे. चीनच्या शानदोंग प्रांतातल्या ड्रोमिओसॉरच्या पाऊलखुणांत प्रत्येक पावलाला दोनच लांब बोटं उमटली आहेत. दुसऱ्या बोटाच्या जागी फक्त त्याच्या बुडाचा छोटासा ठसा आहे, कारण नख जमिनीला टेकतच नव्हतं.

उरला वस्तऱ्याचा मुद्दा. कापायचं हत्यार असेल तर आतली कड पात्यासारखी पातळ हवी. या नखाच्या आतल्या वळणाची कड गोलसर आहे. फिल मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी नखाची प्रतिकृती एका यांत्रिक पायाला बसवून डुकराच्या आणि मगरीच्या मृत शरीरावर मारून पाहिली. नख तीन-चार सेंटीमीटर खोल घुसलं, पण पुढे ओढल्यावर चीर पडेना. मांस त्याच्या खाली गोळा होऊन अडकत होतं. म्हणजे हे हत्यार फाडण्याचं नव्हतं, रुतवून धरण्याचं होतं.

मग वापर कसा होत असेल? सध्या सर्वांत पटणारं स्पष्टीकरण २०११ मध्ये डेन्व्हर फाउलर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. गरुड, शिक्रे लहान भक्ष्यावर झडप घालतात, पायाखाली ते दाबतात, आतल्या बोटाचं मोठं नख रुतवून ठेवतात आणि भक्ष्य मरायची वाट न पाहता चोचीने तोडायला सुरुवात करतात. या वेळी पंख फडफडवून ते भक्ष्यावरचा आपला तोल टिकवतात. ड्रोमिओसॉरचं पाऊलही पकड घेणारं आहे. घोट्याखालचं हाड आखूड आणि दणकट आहे, बोटं आतल्या बाजूला जोराने मिटतात. शिकार आपल्यापेक्षा लहान असेल तर ही पद्धत चोख बसते. पिसांचे बाहू आणि पकडीचं पाऊल या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच कामाला जुंपल्या जातात, म्हणून मला हे स्पष्टीकरण इतरांपेक्षा उजवं वाटतं.

मोठ्या भक्ष्याशी गाठ पडली तर काय होतं, हे मात्र आपल्याला प्रत्यक्ष पाहायला मिळतं. १९७१ मध्ये पोलिश-मंगोलियन मोहिमेला तोग्रोगिन शिरे इथे दोन सांगाडे एकमेकांत गुंतलेले सापडले. एक व्हेलोसिरॅप्टर, दुसरा प्रोटोसेराटॉप्स, म्हणजे पोपटासारखी चोच आणि मानेवर हाडांची झालर असलेला शाकाहारी डायनोसॉर. व्हेलोसिरॅप्टरच्या डाव्या पायाचं नख प्रोटोसेराटॉप्सच्या गळ्यापाशी आहे, जिथून डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पोटाकडे नाही, गळ्याकडे. आणि प्रोटोसेराटॉप्सने चोचीत व्हेलोसिरॅप्टरचा उजवा बाहू पकडला आहे. वाळूची टेकडी ढासळल्यामुळे किंवा वादळात दोघेही त्याच अवस्थेत गाडले गेले असावेत. मृत प्राण्याला असा बाहू चावता येत नाही, म्हणजे ही झुंजच होती, मेलेल्याचं मांस खाणं नव्हे. शिवाय ही झुंज एकास एक आहे. तिथे दुसरा व्हेलोसिरॅप्टर नाही.

तो मेलेलं मांसही खात होता. इनर मंगोलियात प्रोटोसेराटॉप्ससारख्या प्राण्याच्या जबड्याच्या चावलेल्या तुकड्यांजवळ व्हेलोसिरॅप्टरसारख्या प्राण्याचे गळून पडलेले दात मिळाले, आणि जबड्यावर मांस कमी असतं, तिथे चावायची पाळी शेवटी येते. २०१२ मध्ये आणखी एका व्हेलोसिरॅप्टरच्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात टेरोसॉर या उडणाऱ्या सरीसृपाचं हाड असल्याचं जाहीर झालं. एवढा मोठा टेरोसॉर त्याने मारला असण्यापेक्षा मेलेला खाल्ला असण्याची शक्यता जास्त. त्याच प्राण्याची एक बरगडी मोडून पुन्हा सांधलेली होती.

वेग

चित्रपटातला रखवालदार रॅप्टरला चित्त्याचा वेग देतो, ताशी पन्नास-साठ मैल. खूप वेगाने धावणाऱ्या प्राण्यांत मांडीच्या मानाने पायाचा खालचा भाग लांब आणि सडपातळ असतो, शहामृगात दिसतो तसा. ड्रोमिओसॉरमध्ये घोट्यापासून बोटांपर्यंतचा भाग त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षाही आखूड आणि जाड आहे. ती रचना पकडीसाठी बरी आणि थोड्या अंतरावरच्या झडपेसाठी पुरेशी, पण उघड्या मैदानातल्या शर्यतीसाठी नाही. शेपटीचं काम तोल राखण्याचं होतं. मणक्यांचे वरचे प्रवर्ध, म्हणजे हाडाचे बाहेर आलेले फाटे, पुढच्या चार ते दहा मणक्यांवर दांड्यांसारखे पसरल्यामुळे ती वर-खाली फारशी वाकत नव्हती, बाजूला मात्र वाकायची. एका सांगाड्यात ती नागमोडी वळणात तशीच टिकून आहे. शेपटी म्हणजे सरळ काठी, हा समज त्या एका नमुन्यावरच कोसळतो.

टोळी

टोळीने शिकार करण्याची कल्पना व्हेलोसिरॅप्टरवरून आलेली नाही, तीही डायनोनिकसवरूनच आली. मोंटानात टेनोंटोसॉरस या मोठ्या शाकाहारी डायनोसॉरच्या सांगाड्याजवळ एकाहून अधिक डायनोनिकसची हाडं आणि कित्येक ठिकाणी त्यांचे दात मिळाले. ऑस्ट्रॉम यांनी त्यावरून टोळीचा अंदाज बांधला. अंदाज वाईट नव्हता, पण तेच अवशेष दुसऱ्या रीतीनेही उलगडतात. ब्रायन रोच आणि डॅनियल ब्रिंकमन यांनी २००७ मध्ये निदर्शनास आणलं की कोमोडो ड्रॅगन मेलेल्या जनावराभोवती स्वतंत्रपणे जमतात, तिथे आपसांत झगडतात आणि लहानगे त्यात मरतात. हाडांचा ढीग तसाही पडू शकतो. २०२० मध्ये डायनोनिकसच्या लहान आणि मोठ्या दातांतल्या कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणाची, तुलना झाली. पिल्लांचा आणि प्रौढांचा आहार वेगळा निघाला. लांडग्यांसारखी टोळी एकत्र मारून पिल्लांना तेच मांस देत असती तर तो सारखा यायला हवा होता.

उलट बाजूने एक पुरावा आहे. वर उल्लेख केलेल्या शानदोंगच्या पाऊलखुणांत सहा मोठे ड्रोमिओसॉर एकाच दिशेने समांतर चालल्याच्या ओळी आहेत. म्हणजे काही जाती निदान काही वेळ एकत्र वावरत असाव्यात. एकत्र चालणं आणि ठरवून शिकार करणं यात बरंच अंतर आहे. खुद्द व्हेलोसिरॅप्टरचे सांगाडे बहुतेक एकेकटे मिळतात, आणि एका कवटीवर दातांच्या दोन समांतर ओळींचे भोसके आहेत, ज्यांचं अंतर आणि आकार दुसऱ्या व्हेलोसिरॅप्टरच्या दातांशी जुळतो. जखम भरून आल्याची खूण नाही. आपसांतले संबंध फार सलोख्याचे नसावेत, एवढं त्यावरून दिसतं.

बुद्धी, डोळे, आवाज

एका चित्रपटात रॅप्टर डॉल्फिन आणि वानरवर्गापेक्षाही हुशार असल्याचं सांगितलं जातं. कवटीतल्या मेंदूच्या पोकळीवरून मेंदूचा आकार मोजता येतो. शरीराच्या मानाने ड्रोमिओसॉरचा मेंदू इतर डायनोसॉरांपेक्षा मोठा होता, हे खरं. पण तुलना डायनोसॉरांशी आहे, सस्तन प्राण्यांशी नाही. त्या पोकळीच्या आकारावरून जे नीट कळतं ते अधिक उपयोगाचं आहे: मान आणि शरीर हलत असताना नजर भक्ष्यावर स्थिर ठेवण्याची त्याची क्षमता चांगली होती. डोळ्याभोवतीच्या हाडांच्या कड्याच्या मापांवरून २०११ च्या एका अभ्यासाने तो रात्री वावरणारा होता असा निष्कर्ष काढला. वाळवंटी हवामानात हे सयुक्तिक वाटतं, पण हा निष्कर्ष अल्नावरच्या गाठींइतका भक्कम समजू नका.

आवाजाबद्दल कोणतंही हाड साक्ष देत नाही. चित्रपटातल्या त्या प्रसिद्ध भुंकण्याचा मूळ आवाज समागमाच्या वेळच्या कासवांचा आहे. २००१ च्या भागात रॅप्टरच्या घशातली आवाज घुमवणारी पोकळी यंत्राने बनवून दाखवली आहे. तसला अवयव मऊ ऊतींचा असतो आणि व्हेलोसिरॅप्टरमध्ये तो कधीही मिळालेला नाही. गोबीतच सापडलेल्या पिनाकोसॉरस या चिलखती डायनोसॉरच्या कंठाची हाडं मात्र २०२३ मध्ये वर्णिली गेली, आणि ती पक्ष्यांच्या अंगाने जाणारी आहेत.

काळ आणि जागा

व्हेलोसिरॅप्टर ७.५ ते ७.१ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ज्युरासिक नव्हे तर क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरचा. डायनोनिकस त्याच्या साडेतीन कोटी वर्षं आधीचा. टायरॅनोसॉरस रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत होता. शेवटच्या प्रसंगातली त्या दोघांची झुंज कुठल्याही खंडात आणि कुठल्याही काळी होऊ शकली नसती.

काही गोष्टी चित्रपटाने त्या काळाच्या पुढे जाऊन बरोबर दाखवल्या हेही नोंदवायला हवं. शेपटी जमिनीवर ओढत चालणारा, सरळ उभा डायनोसॉर त्याने लोकांच्या डोक्यातून घालवला. दाराच्या काचेवर रॅप्टरच्या श्वासाची वाफ धरते, तेवढ्यात उष्ण रक्ताचा मुद्दा येऊन जातो. सुरुवातीच्या चाचणी दृश्यांत रॅप्टरला सापासारखी दुभंगलेली जीभ होती. सल्लागार जॅक हॉर्नर यांनी हरकत घेतल्यावर ती काढली गेली.

चित्र काढायचं किंवा प्रतिकृती करायची असेल तर

एकास दहा प्रमाण धरा: लांबी १८ सेंटीमीटर, खुब्याची उंची ५, कवटी २.३ ते २.५, शेपटी साडेनऊ ते दहा. पायाचं नख जेमतेम साडेसहा मिलिमीटर होतं. बहुतेकांचा पहिला घोटाळा इथेच होतो. नख दिसावं म्हणून ते दुप्पट केलं जातं आणि मग त्याला पेलायला पाऊल मोठं, पावलाला पेलायला पाय मोठा, असं करत प्राणी परत पडद्यावरचा होतो.

सांगाडा आधी, कातडी नंतर. तळवे एकमेकांसमोर ठेवा. दुसरं बोट वर, तिसरं आणि चौथं जमिनीवर. दात प्रत्येक बाजूला २६ ते २८, विरळ, मागच्या कडेला जास्त दातेरी. तोंड मिटलेलं असताना ते बाहेर लोंबकळताना दाखवू नका.

पिसं लावताना सर्रास होणारी चूक म्हणजे सरड्याच्या अंगावर केस चिकटवल्यासारखा पातळ थर देणं आणि मनगटापाशी थांबणं. मोठी पिसं फक्त अल्नावर नसतात, हाताच्या दुसऱ्या बोटावरही बसतात. त्यामुळे पंख बोटांपर्यंत पोहोचतो आणि नखांची टोकंच पिसांतून बाहेर दिसतात. अंगावरचा थर जाड हवा. पक्ष्याची मान पिसं काढल्यावर किती बारीक असते हे माहीत असेल तर इथे काय चुकतं ते लगेच लक्षात येईल: मान पिसांसकट भरदार दिसली पाहिजे, खालचा सांगाडा बाहेरून मोजता येता कामा नये. शेपटीच्या दोन्ही बाजूंना पिसांचा पंखा, नाकाडाच्या टोकाला पिसं नाहीत, पावलं खवलेदार ठेवली तर चालतं.

रंग तुमच्या मर्जीवर आहे. मायक्रोरॅप्टर या लहान नातलगाच्या पिसांत रंगद्रव्याचे कण टिकले होते आणि त्यावरून तो चमकदार काळा होता हे २०१२ मध्ये कळलं. व्हेलोसिरॅप्टरची पिसंच नाहीत, तेव्हा असा तपास शक्य नाही. वाळूच्या टेकड्यांत राहणाऱ्या आणि बहुधा रात्री हिंडणाऱ्या शिकाऱ्याला मातकट, ठिपकेदार रंग जास्त शोभतील, भडक लाल-निळे पट्टे कमी. मिरवायचा रंग द्यायचाच असेल तर तो बाहूंच्या आणि शेपटीच्या पिसांवर द्या. पक्ष्यांत तो बहुतेकदा तिथेच असतो आणि पंख मिटला की झाकलाही जातो.